क्लचप्लेट कोणी जाळली?

मोटारीच्या इंजिनाला थांबणे ठाऊक नसते. गाडी सिग्नलला उभी असो वा घाटात अडकलेली असो, एकदा सुरू झालेले इंजिन मिनिटाला सात-आठशे फेऱ्या तरी घेतच राहते. चाकांवर मात्र जागच्या जागी उभे राहण्याची वेळ वारंवार येते. या दोघांत समेट घडवण्याचे काम क्लच करतो, आणि हे काम घासूनच होत असल्यामुळे तो कधी ना कधी झिजणारच, त्यात दोष कोणाचा नाही, असे यंत्रशास्त्राची पुस्तके सांगतात. आमच्या घरात हे मत मान्य नाही. आमच्या घरी क्लच झिजत नाही. तो कोणीतरी जाळतो.

आमची गाडी म्हणजे पाच गिअरची मारुती ८००. या गाडीचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, पण तिच्या मालकांना ही बातमी कोणी नीट समजावून सांगितलेली नसावी. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर आमच्या ७९६ सीसीच्या इंजिनाने एकाएकी मोठा आवाज काढला आणि गाडीचा वेग मात्र कमी झाला. मी ॲक्सिलरेटर जितका दाबत होतो तितका आवाज वाढत होता आणि तितक्याच निवांतपणे उसाने भरलेला एक ट्रॅक्टर आमच्या पुढे निघून गेला. गाडीत करपट वास पसरला. "पुढच्या ट्रकचे ब्रेक तापलेत," असे मी म्हणालो. पुढे ट्रक नव्हता, ही गोष्ट पत्नीने लगेच निदर्शनास आणून दिली आणि घाटमाथा येण्यापूर्वीच आरोपपत्र दाखल केले: "तुम्ही कायम क्लचवर पाय ठेवून बसता." त्यावर, चढावर हँडब्रेक न लावता गाडी हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, कोण धरून ठेवते, हा माझा प्रश्न होता. वेळे गावाच्या पुढे आम्ही दोघेही बोलत नव्हतो. इंजिन तेवढे बोलत होते.

घरी आल्यावर मी रीतसर चाचणी घेतली. हँडब्रेक घट्ट ओढायचा, तिसरा गिअर टाकायचा आणि ॲक्सिलरेटर किंचित देऊन क्लच सोडायचा. क्लच धड असेल तर इंजिनाचा जीव गुदमरून ते तत्काळ बंद पडते. आमचे इंजिन जणू काही घडलेच नाही अशा थाटात चालू राहिले. गॅरेजवाल्याने हे ऐकून "गिअरबॉक्स उतरवावा लागंल, साहेब," एवढेच सांगितले आणि जो आकडा काढला त्यात सुट्या भागांपेक्षा मजुरी जास्त होती. सुटे भाग विकतच घ्यावे लागणार होते. मजुरी मात्र घरात उपलब्ध होती, कारण बहिणीचा मुलगा शिक्षणासाठी आमच्याकडे राहतो आणि तो मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे.

नाना पेठेतल्या दुकानदाराने क्लचप्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारे रिलीज बेअरिंग असा तीन नगांचा सेट काढण्यापूर्वी माझी बारकाईने चौकशी केली. मॉडेल कोणत्या वर्षाचे, गिअर चार की पाच, हे प्रश्न मला अपेक्षित होते. त्यानंतर "बसवणार कोण?" हा प्रश्न आला, आणि "मीच" हे उत्तर ऐकल्यावर त्याने शांतपणे पुढचा प्रश्न विचारला, "घरात हाफ क्लच कोण मारतं?" महाराष्ट्रात क्लचची कोणतीही चर्चा या प्रश्नापाशी येऊन थांबते, हे मला तेव्हा कळले. गिअरबॉक्सच्या शाफ्टचा एक जुना तुकडा मात्र त्याच्याकडे नव्हता. तो मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात भंगाराच्या ढिगाऱ्यात सापडला. तो कशासाठी हवा, हे पुढे येईलच.

सोसायटीच्या सचिवांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. सोमवारी सकाळी पाण्याचा टँकर येतो आणि तो वळवायला आमच्याच गाडीची जागा लागते. तोपर्यंत गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असली पाहिजे आणि हलली पाहिजे. पुण्यात माणसाला कायद्याचा धाक नसेल, टँकरचा असतो. शनिवारी उजाडताच आम्ही मागच्या चाकांना दगड लावले, पुढचा भाग जॅकने उचलून दोन्ही बाजूंना गाडी पेलून धरणाऱ्या लोखंडी घोड्या लावल्या आणि जॅकवर विसंबून गाडीखाली जायचे नाही, असा दंडक घातला. भाच्याने घोड्यांवर येणाऱ्या भाराची आकडेमोड वहीत करून दाखवली. मी गाडीला खांद्याने धक्के देऊन पाहिले. दोन्ही पद्धतींनी निष्कर्ष एकच निघाला.

क्लच बदलणे या शब्दप्रयोगात मोठी फसवणूक आहे. प्रत्यक्ष बदलायची ती वस्तू वीतभरसुद्धा रुंद नाही आणि ती सहा बोल्टांमागे बसलेली असते. पण त्या बोल्टांपर्यंत पोहोचण्यासाठी अर्धी गाडी सोडावी लागते. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची, मग एअर फिल्टर, क्लचची केबल, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्सच्या दिव्याची वायर, गिअरचा रॉड आणि स्टार्टर. मग गिअर ऑइल काढायचे, बॉल जॉइंट सोडवून दोन्ही एक्सल बाहेर ओढायचे, इंजिनाला खालून आधार द्यायचा, आणि एवढे झाल्यावर मूळ गिअरबॉक्सच्या बोल्टांना हात लावायचा. यांपैकी कोणत्याही वस्तूचे काही बिघडलेले नव्हते. शेजाऱ्याच्या मुलाला बोलवायला जाताना वाटेतल्या प्रत्येक घरी चहा घ्यावा लागावा, तसा हा सगळा मार्ग होता.

निघालेले बोल्ट ठेवण्यासाठी मी श्रीखंडाचे रिकामे डबे वापरले. मराठी घरात हे डबे टाकून द्यायचे नसतात, ते कशासाठी ठेवायचे याचे उत्तर मात्र मला तोपर्यंत मिळाले नव्हते. प्रत्येक डब्यावर "स्टार्टर", "एक्सल, डावा", "गिअरबॉक्स, वरचे लांब" अशा चिठ्ठ्या डकवल्या. याचा परिणाम प्रेक्षकांवर वाईट झाला. कारण आतापर्यंत वॉचमन, दूधवाला, दोन्ही विंगांतले निवृत्त गृहस्थ आणि क्रिकेटचा चेंडू आणायला आलेली मुले असा बराच समुदाय जमला होता, आणि घरी गाडी जोडणाऱ्या माणसाकडे शेवटी दोन-चार बोल्ट उरतातच, हे पाहण्यासाठीच ते थांबले होते. चिठ्ठ्या वाचल्यावर त्यांचा निम्मा उत्साह मावळला.

तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी मात्र टिकून राहिले. पूर्वी त्यांची प्रीमियर पद्मिनी होती. "पद्मिनीला एवढा व्याप नव्हता," ते गाडीखालच्या माझ्या पायांना उद्देशून म्हणाले. "इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. मधला शाफ्ट सोडला की गिअरबॉक्स हातात." त्यांचे म्हणणे खरे होते. मारुतीत इंजिन आडवे आहे, ताकद पुढच्याच चाकांना जाते, त्यामुळे सगळा संसार एकाच खोलीत मांडलेला. पण ज्याच्या डोळ्यांत वीस वर्षांची माती पडत आहे, त्याला दुसऱ्या गाडीचे गुण ऐकवण्याची ही वेळ नव्हती.

गिअरबॉक्सचे बाकीचे बोल्ट सुटले. खालच्या बाजूचा एक गंजून बसला होता. त्याच्यावर तेल सोडले, हातोडीने हलके ठोकले, सतराच्या रिंग पान्यावर लोखंडी पाइप चढवला आणि दोघे मिळून लटकलो. त्याही अवस्थेत भाच्याचे ज्ञान जागे होते. क्लचच्या गणितात दोन सिद्धान्त असतात, असे त्याने पाइपला लोंबकळत सांगितले: नव्या क्लचसाठी सगळीकडे सारखा दाब धरायचा, वापरलेल्यासाठी सगळीकडे सारखी झीज धरायची. दुसऱ्यात सरासरी त्रिज्या काढायला आतली आणि बाहेरची त्रिज्या मिळवून दोनने भागले की झाले; पहिल्यात घन आणि वर्ग येतात. "म्हणजे झिजलेला क्लच सोपा असतो, मामा," असे तो म्हणाला, आणि त्याच क्षणी बोल्ट कुरकुरत सुटला. या दोन घटनांचा परस्परसंबंध आहे असे तो अजूनही मानतो.

गिअर ऑइलबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. त्यात गंधकयुक्त रसायने असतात, ती दातऱ्यांना झिजेपासून वाचवतात, आणि त्यांचा वास माणसाच्या अंगाला लागला की साबणाला दाद देत नाही. एक्सल ओढताना उरलेसुरले तेल कोपरातून बाहीत शिरले. त्या रात्री मला जेवणाचे ताट गॅलरीत मिळाले.

रविवारी गिअरबॉक्स उतरला. तो एका माणसाला सहज उचलता येतो, असे उभ्या माणसाला वाटते. पाठीवर पडून तो छातीवर घेणाऱ्याचे मत वेगळे असते. आम्ही तो जॅकवर फळी ठेवून, इंच-इंच खाली घेतला, प्रेशर प्लेटचे बोल्ट आळीपाळीने सैल केले आणि अखेर क्लचप्लेट हातात आली. तिच्यावरची धूळ फुंकायची नाही, कारण जुन्या लायनिंगमध्ये, म्हणजे प्लेटच्या घासणाऱ्या अस्तरात, ॲस्बेस्टॉस असू शकते. म्हणून कोरोनाच्या काळातले मास्क लावून ती ओल्या फडक्याने टिपली.

आणि मग खटला उभा राहिला. पत्नी खाली आली. लायनिंग रिव्हेटांच्या डोक्यांपर्यंत घासले होते, इंजिनाबरोबर फिरणाऱ्या ज्या चकतीवर ही प्लेट दाबली जाते त्या फ्लायव्हीलवर जास्त तापल्याचे निळसर डाग होते. मी ते डाग दाखवून म्हणालो की गाडी चढावर हाफ क्लचवर धरली की असे होते. तिने तेच डाग दाखवून विचारले की पाय सतत पेडलवर टेकवून ठेवला की दुसरे काय होते. दोन्ही विधाने शास्त्राला धरून होती. दोन्ही सवयींत प्लेट अर्धवट दाबात घसरते, तापते आणि झिजते. आणि घसरणारी प्लेट पायाचा ठसा ठेवत नाही. शेवटी भाच्याकडे तज्ज्ञ साक्षीदार म्हणून पाहिले गेले. त्याची जेवणे मामीच्या हातची आणि मोटारसायकलचे पेट्रोल मामाच्या खिशातले. तो म्हणाला, "सूत्रात दाब येतो, त्रिज्या येते, घर्षणाचा गुणांक येतो. पाय कोणाचा, याला चिन्हच नाही." हा मुलगा आयुष्यात पुढे जाईल.

फ्लायव्हीलला तडे नव्हते, म्हणून ते बारीक पॉलिश पेपरने साफ करून ठेवले. नवी प्लेट बसवायला खरोखरच चहा निवण्याएवढा वेळ पुरला. फ्लायव्हीलकडची बाजू कोणती हे तिच्यावर छापलेले असते. पण प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळण्यापूर्वी ती बरोबर मध्यावर धरावी लागते, नाहीतर गिअरबॉक्सचा शाफ्ट तिच्या खाचांत शिरतच नाही. जुन्या बाजारातला तो तुकडा इथे कामी आला: तो प्लेटच्या छिद्रातून फ्लायव्हीलच्या मध्यापर्यंत घातला, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत नेले आणि तुकडा बाहेर ओढला. तो अलगद निघाला. मी निवृत्त अधिकाऱ्यांकडे पाहिले. ते पेपर वाचत होते.

गिअरबॉक्स परत चढवणे हा मात्र स्वतंत्र उपद्रव आहे. तो बोटभर फट ठेवून थांबला तो थांबला. ती फट पाहून प्रत्येकाने एकच सल्ला दिला की बोल्ट घालून आवळा, आपोआप जवळ येईल. हाच सल्ला सर्वांत घातक आहे, कारण असे ओढून घेतले की नव्या प्लेटचा मधला भाग वाकतो आणि सगळे काम पुन्हा करावे लागते. योग्य उपाय असा की गिअरबॉक्स गिअरमध्ये टाकायचा, एकाने तो सरळ रेषेत धरायचा आणि दुसऱ्याने इंजिनाची पुली पान्याने किंचित फिरवायची, म्हणजे शाफ्टचे दाते प्लेटच्या खाचांसमोर येतात. रात्री उशिरा, वरच्या मजल्यांवरचे सगळे दिवे मालवल्यावर, तो "खट्" करून बसला. प्रेक्षकांत तेव्हा फक्त वॉचमन होता आणि तोही झोपला होता.

सोमवारी टँकरचा भोंगा वाजला तेव्हा मी नवे गिअर ऑइल भरून क्लचच्या केबलचे नट आवळत होतो. पेडलला सुरुवातीला थोडी मोकळी चाल ठेवावीच लागते. ती नसेल तर बेअरिंग कायम घासत राहते आणि नवी प्लेटही जुन्या मार्गाने जाते. श्रीखंडाचे डबे सगळे रिकामे होते. ते उलटे करून पाहण्यासाठी माणसे पुढे आली आणि निराश होऊन मागे सरली.

गाडी सुरू झाली. आता शेवटची चाचणी उरली होती. मी हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. इंजिनाने एक गचका दिला आणि ते ठार बंद पडले. इतका निखळ आनंद मला दहावीच्या निकालातही झाला नव्हता. पण मी दोन्ही हात वर करण्यापूर्वीच जमावातून समाधानाचा सुस्कारा उठला होता. "बंद पडली," निवृत्त अधिकारी म्हणाले. "सांगत होतो, गॅरेजला द्या म्हणून." बंद पडणे हेच यश असते, हे मी घसा कोरडा करून समजावले. टँकरचा ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "साहेब, धक्का मारू का?"

मग गाडी बाहेर काढायला पत्नी बसली, कारण माझे हात काळे होते. गेटच्या चढावर तिने क्लच सोडला आणि इंजिन पुन्हा बंद पडले. "जुना क्लच अगदी वर पकडायचा," मी ओरडून सांगितले, "नवा खालीच पकडतो, पाय हळू सोड!" तिने काच खाली केली, गाडी सुरू केली, हँडब्रेक मला दिसेल असा ओढला, अलगद सोडला आणि गाडी चढावरून सफाईने वर नेली. रस्त्याला लागण्यापूर्वी तिने एवढेच विचारले, "आता सांगा, ही जळली तर कोणी जाळली म्हणायची?"