कोळशाच्या विजेचा न मांडलेला खर्च

कोळशाची वीज सर्वांत स्वस्त आहे, तिचे ‘सामाजिक आणि पर्यावरणीय खर्च’ हे मोजता न येणारे काल्पनिक आकडे आहेत आणि प्रदूषण तर सौर व पवनऊर्जाही करतातच, असा दावा सध्या समाजमाध्यमांवर बराच फिरतो आहे.

बिलावरच्या दरापुरते पहिले विधान काही ठिकाणी खरेही ठरेल. पण त्या दरात इंधन, यंत्रसामग्री, व्याज आणि पगार येतात. धुरामुळे दमा बळावलेल्या माणसाचा औषधखर्च येत नाही. तो खर्च होतोच, फक्त त्याचे बिल दुसऱ्याच्या नावावर फाटते. अमेरिकेत टेनेसी राज्यातील किंग्स्टन वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्याचा बांध 22 डिसेंबर 2008 रोजी फुटला आणि सफाईवर 100 कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला. ज्या विजेपायी ती राख साठली, तिच्या दरात या खर्चाची तरतूद नव्हती.

मोजमापाचा आक्षेप अधिक गंभीर आहे. युरोपीय आयोगाने 1991 मध्ये सुरू केलेल्या ‘एक्स्टर्नई’ प्रकल्पाने जी पद्धत रुजवली, तिच्यात धुराड्यातून किती सल्फर डायऑक्साइड बाहेर पडला, वाऱ्याबरोबर तो कुठवर गेला, त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण झाल्यावर ते किती लोकांच्या श्वासात गेले आणि त्यामुळे आजार व अकाली मृत्यू किती वाढले, हे टप्प्याटप्प्याने काढून मगच पैशात मांडतात. प्रत्येक टप्प्यावर अनिश्चितता आहे, हे मान्यच करावे लागेल. हवामानबदलाच्या बाबतीत तर ती फारच मोठी आहे: 2020 मधील एक टन कार्बन डायऑक्साइडमुळे होणारे नुकसान अमेरिकी सरकारने 2021 मध्ये 51 डॉलर धरले होते, तर तिथल्याच पर्यावरण संरक्षण संस्थेने 2023 मध्ये ते 190 डॉलर धरले. भावी नुकसानीचे आजचे मूल्य काढणारा वटाव दर 3 टक्क्यांऐवजी 2 टक्के घेणे, हे या वाढीचे एक मोठे कारण. कोळशाच्या एका युनिटमागे साधारण 820 ग्रॅम उत्सर्जन धरले, तर हा भार 4 ते 16 सेंटच्या घरात जातो. या दोन टोकांमध्ये कुठे थांबायचे, यावर वाद जरूर घालावा. पण खर्च धरायचाच नाही असे म्हणणारा शून्य हा आकडा निवडत असतो आणि तो तर या पट्ट्यात कुठेच बसत नाही.

तिसरे विधान खरे असले तरी अर्धवट आहे. खाणकाम आणि पॅनेलनिर्मितीसकट मोजणाऱ्या, आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या 2014 च्या अहवालात मोठ्या सौर प्रकल्पांचा मध्यक युनिटमागे 48 ग्रॅम आहे, पवनऊर्जेचा 11 ते 12. जलविद्युतही या मोजपट्टीवर स्वच्छ ठरते, मात्र चीनमधील थ्री गॉर्जेस धरणाने 12 लाखांहून अधिक लोकांना विस्थापित केले, हे ग्रॅममध्ये उतरत नाही. त्यांच्या पुनर्वसनाचा हिशेब जलविद्युतेकडूनही तितक्याच काटेकोरपणे मागायला हवा.