केगविनचं बंड: तुमच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. सतराव्या शतकात मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत असलेल्या कॅप्टन रिचर्ड केगविन या इंग्रज अधिकाऱ्यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही विचारलंत की खांदेरीला मराठ्यांवर तोफा डागणाऱ्या आणि पगार कापला म्हणून मुंबईचा किल्ला बळकावणाऱ्या माणसाचं एवढं कौतुक कशासाठी?

खांदेरीबद्दल तुमचं बरोबर आहे. १८ ऑक्टोबर १६७९ ची लढाई 'इंग्रजांनी जिंकली' असं मी एका वाक्यात उरकलं, ते चुकलंच. त्या दिवशी मराठी आरमार चालून आलं, तेव्हा 'डव्ह' हे इंग्रजांचं गुराब (लढाऊ जहाज) मराठ्यांच्या हाती पडलं. केगविन आणि कप्तान मिंचिन 'रिव्हेंज' या इंग्रज जहाजावर टिकून राहिले, त्यांनी मराठी गलबतं मागे हटवली, हे खरं. पण सगळा झगडा बेटासाठी होता. महाराजांनी तिथे किल्ला बांधलाच आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. लेख दुरुस्त केला आहे.

पगाराचं मात्र तसं नाही. डचांनी घेतलेलं अटलांटिकमधलं कंपनीचं सेंट हेलेना बेट १६७३ मध्ये परत मिळवताना कड्यावरून चढलेल्या तुकडीचा हाच नायक होता. अशा माणसाचं आणि त्याच्या शिपायांचं वेतन कंपनीने काटकसरीच्या नावाखाली छाटलं. २७ डिसेंबर १६८३ ला त्याने डेप्युटी गव्हर्नर वॉर्डला कैद केलं आणि मुंबई इंग्लंडच्या राजाची असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर तो काय करतो, ते बघा. सिद्दीचं आरमार माझगावच्या आश्रयाला यायचं, म्हणून मराठे मुंबईवर चिडलेले होते. केगविनने तो आश्रय बंद केला आणि संभाजीराजांशी तह केला. कंपनीच्या मोठ्या साहेबांना जे उमगत नव्हतं, ते या दर्यावर्दीला उमगलं होतं. शेजाऱ्याशी वैर धरून या बेटावर राहता येत नाही! मला त्याचं मोल वाटतं ते यासाठी.

आणि सत्तेचा लोभ म्हणाल, तर नोव्हेंबर १६८४ मध्ये सर थॉमस ग्रँथम हे बंड मिटवायला आला, तेव्हा सगळ्यांना माफी मिळण्याच्या अटीवर केगविनने किल्ला न लढता सोडून दिला. तो इंग्लंडला परतला, पुन्हा राजाच्या आरमारात रुजू झाला आणि 'असिस्टन्स' या जहाजाचा कप्तान झाला. १६९० मध्ये कॅरिबियनमधल्या सेंट किट्स बेटावर फ्रेंचांविरुद्ध किनाऱ्यावर उतरून हल्ल्याचं नेतृत्व करताना तो मारला गेला.