साखर नॉर्मल आली म्हणून मूल आतून ठणठणीत ठरत नाही

पुण्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा सारांश असा: मुलांच्या जाडीची धास्ती घेऊ नका, ते बाळसं आहे, उंची वाढली की उतरेल. शुगर नॉर्मल आहे ना, मग आतून सगळं ठीक. मान काळी दिसली तर बेसन-लिंबू लावा. आणि वाढत्या वयात खाण्यावर बंधनं घातली तर उंची खुंटते.

यातलं शुगरचं वाक्य सगळ्यात घातक, म्हणून आधी तेच.

पोटात आतड्यांभोवती आणि यकृतात चरबी साठली, की यकृत आणि स्नायू रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्सुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन सोडून साखर ताब्यात ठेवतं. उपाशीपोटीची साखर ९० येते, रिपोर्ट नॉर्मल येतो. ती ९० वर ठेवायला शरीर किती राबतंय, हे त्या कागदावर कुठेच नसतं. शिवाय इन्सुलिनची सगळी कामं एकदम अडत नाहीत. यकृताचं साखर बनवणं नीट आवरत नाही, पण त्याच वाढलेल्या इन्सुलिनमुळे चरबी बनवणं मात्र जोरात चालतं. फॅटी लिव्हर, वाढलेले ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), घटलेलं चांगलं कोलेस्टेरॉल हे सगळं साखर चढायच्या कितीतरी आधी होऊ शकतं.

त्यात वयात येण्याचा काळ. तेव्हा सडपातळ मुलांमध्येही इन्सुलिनचा प्रभाव काही काळ कमी होतो. जाड मुलाच्या स्वादुपिंडावर दोन्ही भार एकदम पडतात. त्यातून टाइप २ मधुमेह झालाच, तर तो मोठ्यांपेक्षा वेगाने बळावतो. अमेरिकेतल्या ‘टुडे’ या अभ्यासात नुसत्या मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीवर ठेवलेल्या जवळपास निम्म्या मुलांची साखर काबूत राहिली नाही.

मानेचा काळेपणा हा मळ नव्हे. मानेवर, काखेत त्वचा जाड, मखमली आणि काळपट होते, कारण वाढलेलं इन्सुलिन त्वचेच्या पेशींनाही वाढायला लावतं. कृपा करून मुलांच्या माना घासू नका. ती खूण डॉक्टरांना दाखवा. फुकटात मिळालेला इशारा आहे तो.

‘बाळसं’ शोभतं ते तान्ह्या वयात. त्यानंतर पाच-सहा वर्षांपर्यंत मूल सडसडीत होत जायला हवं. त्याआधीच ते उलट भरायला लागलं, तर पुढे लठ्ठपणाची शक्यता वाढते. आपल्या पोरांच्या बाबतीत तर जास्तच सावध राहायला हवं, आणि हे आपल्या पुण्यातच दिसून आलंय. केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५. स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. म्हणजे दिसायला बारीक मूलही आतून चरबीचं असू शकतं. म्हणून नुसता वजनाचा काटा पुरत नाही, कंबरही मोजा. शाळकरी मुलाची कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली, तर डॉक्टरांकडे जा.

आता उंची. जाड मुलं लहानपणी बरोबरीच्यांपेक्षा उंच दिसतात, तिथेच आईबाप फसतात. ती बहुधा लवकर वयात येतात, हाडांची वाढही लवकर थांबते, आणि शेवटची उंची काही जास्त भरत नाही. उपाशी कोणी ठेवायला सांगत नाही. वाढत्या मुलाचं वजन बहुतेक वेळा उतरवावंही लागत नाही. ते आहे तिथे थोपवलं आणि उंची वाढत गेली तरी फरक पडतो. वरण, उसळ, भाकरी, अंडं पोटभर द्या. क्लासला जाताना बेकरीतला पॅटिस आणि आल्यावर पाकिटातला ज्यूस, हे रोजचं तेवढं थांबवा. आणि रोज तासभर पळू द्या, तळजाईवर न्या, पर्वती चढवा. काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनवाचूनही आत ओढतो. हा फायदा काटा हलायच्या आधीच सुरू होतो.