‘1 टक्का’ आणि ‘44 टक्के’ यांची तुलनाच होत नाही

‘भारतात घटस्फोट 1 टक्का, शेजारच्या चीनमध्ये 44 टक्के, आपली कुटुंबव्यवस्था भक्कम आहे, याला आणखी पुरावा कशाला हवा?’ असा मजकूर सांगली-मिरजेत मोबाइलवर फिरतो आहे. कासेगावच्या स्वातंत्र्यसैनिक इंदुताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळ यांनी ज्या जिल्ह्यात परित्यक्तांचा, म्हणजे नवऱ्याने टाकलेल्या बायकांचा, प्रश्न ऐरणीवर आणला, तिथे हा मजकूर अभिमानाने पुढे पाठवला जावा, याचे मला मनापासून दुःख होते.

आधी 44 चे पाहू. चीनमध्ये 2018 साली सुमारे 1 कोटी 1 लाख विवाह नोंदले गेले आणि सुमारे 44.6 लाख घटस्फोट झाले. 44 टक्के हा या दोहोंचा भागाकार आहे. घटस्फोट घेणारी बहुतेक जोडपी आधीच्या वर्षांत लग्न झालेली असल्यामुळे, शंभरातले 44 संसार मोडतात असा अर्थ त्यातून निघत नाही.

चीनमध्ये दर सतत वाढतोच आहे, हेही खरे नाही. 2021 पासून परस्परसंमतीच्या अर्जानंतर 30 दिवस थांबण्याची अट आली आणि 2020 मधले सुमारे 43 लाख घटस्फोट वर्षभरात सुमारे 28 लाखांवर आले. एका वर्षात संसार एवढे सुधारत नाहीत. बदलला तो कायदा.

आता आपल्याकडचे. 2011 च्या जनगणनेत घटस्फोटित सुमारे 13.6 लाख होते, तर घटस्फोटाविना विभक्त राहणारे सुमारे 35 लाख, म्हणजे अडीचपटीहून अधिक. त्या विभक्तांत स्त्रिया सुमारे 23.7 लाख आणि पुरुष 11.6 लाख. संसार मोडतो तेव्हा एक बाई आणि एक पुरुष वेगळे होतात. मग उरलेले बारा लाख पुरुष गेले कुठे? काही वारले असतील. पण दुसरी बायको करून किंवा पहिलीला ‘नांदवत’ नसतानाही स्वतःला विवाहित म्हणवणारे त्यांत बरेच असणार, असे माझे मत आहे. शिवाय हिंदू विवाह कायद्याच्या कलम 29 ने रूढीनुसार होणारी फारकत कायम ठेवली आहे, आणि ती कोर्टाच्या आकड्यांत येत नाही.

माहेरी आणून घातलेली, पोटगीसाठी तारखांना हेलपाटे घालणारी, पण सोडचिठ्ठी न झालेली तासगाव-खटावची बाई कायद्याने आजही पत्नीच आहे, आणि या मजकुरातल्या 99 टक्क्यांत तिचाही संसार धरलेला आहे.