तुमची फाईल आली आहे, पण मिळणार नाही

काल दुपारी तापलेलं डोकं अजून निवलं नाही, म्हणून लिहून टाकतो.

बेळगावच्या उद्यमबागेत माझं लहानसं मशीन शॉप आहे. भोसरीच्या एका गिऱ्हाइकानं हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडीचं काम दिलं आणि सीएनसीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा, प्रोग्राम ईमेलनं पाठवला. मेल आली. टाचणीचं चित्र दिसलं, फाईलचं नाव दिसलं, आकारही दिसला. आणि वर एक पट्टी: ही फाईल धोकादायक असू शकते, म्हणून ती अडवली आहे. ‘तरीही उघडा’ असं बटण कुठंच नाही. सगळी सेटिंगं धुंडाळली. अक्षरांचा रंग बदलता येतो, मेल आल्यावर कुठला आवाज व्हावा ते ठरवता येतं, फाईल मात्र घेता येत नाही. ऑपरेटर मशीन पुसत होता. पुसून झालेलं मशीन परत पुसत होता.

अशा वेळी पिग्मीवाले मामा आले.

पिग्मी म्हणजे काय ते आमच्याकडं सांगावं लागत नाही. सिंडिकेट बँकेनं 1928 साली रोजच्या दोन आण्यांपासून सुरू केलेली ही बचत. आता आमच्या भागातल्या सोसायट्याही ती चालवतात. मामा शहापूरपासून उद्यमबागेपर्यंत रोज दुकान न् दुकान फिरतात. त्यांना घाई असते, पण दुसऱ्याची अडचण दिसली की नसते.

“काय वो मालक, तोंड पाडून का बसलायसा?”

“फाईल उघडंना झालीय मामा.”

“आली न्हाई व्हय?”

“आलीय. पण देईना.”

मामांनी स्टूल ओढलं, पिशवी मांडीवर घेतली.

“कॉम्प्युटर कुणाचा हाय?”

“माझा.”

“रोखीनं घेतलासा?”

“कर्जानं. तुमच्याच सोसायटीच्या.”

“हप्ते येळेवर हाईत, ते मला ठावं हाय. मग हे भितंय कुणाला?”

“भीत नाही. मला जपतंय.”

मामांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “तुमचं वय काय?”

“बावन्न.”

“बावन्न वर्सांच्या बाप्याला जपतंय! घरात वहिनी तरी एवढं जपतात काय?”

मी गप्प.

“त्याला सांगा की, मी मालक हाय म्हणून.”

“सांगायला जागाच नाही. हेल्पलाइनला फोन केला होता. बाई म्हणाल्या, सर, हे तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे.”

“त्या बाईला तुमचं नाव तरी ठावं हाय काय?”

“तक्रारीचा नंबर ठावं आहे.”

मामा बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले. मग एकदम उसळले. “मी रोज एवढ्या लोकांचे पैसे ह्या पिशवीत घालून फिरतोय. आजवर एकानं इचारलं न्हाई, मामा, तुम्ही धोकादायक असू शकता काय म्हणून!”

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तरी मी त्या सॉफ्टवेअरची बाजू मांडली. का मांडली, देव जाणे. बहुतेक समोर कुणी भांडायला नसलं की माणूस दोन्ही बाजूंनी भांडतो. सांगितलं, की मे 2000 मध्ये फिलिपिन्समधून एक व्हायरस निघाला. मेलचा विषय ‘आय लव्ह यू’ आणि सोबत जोडलेलं प्रेमपत्र. ज्यानं उघडलं, त्याच्या पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना तेच पत्र आपोआप गेलं. ब्रिटनच्या पार्लमेंटलासुद्धा ईमेल बंद ठेवावी लागली.

“उघडलं कुणी?”

“सगळ्यांनीच. मोठमोठ्या साहेबांनी.”

“प्रेमपत्र बघून साहेब लोकं पाघळली, आणि शिक्षा तुमच्या व्हॉल्व्हला?”

तर तशीच काहीशी गत आहे. त्या प्रकरणानंतर ईमेलच्या सॉफ्टवेअरांनी शेपटांची एक यादीच केली. डॉट ईएक्सई, डॉट व्हीबीएस, डॉट बॅट अशी. फाईलच्या नावाला यातलं शेपूट दिसलं की दार बंद. त्याच यादीत माझ्या फाईलचं डॉट पीआरजी आहे, कारण फॉक्सप्रो नावाच्या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या जमान्यातल्या प्रोग्रामांना तेच शेपूट असायचं. फॉक्सप्रो विस्मरणात गेला, यादी राहिली. माझ्या फाईलमध्ये काय होतं? जी झिरो झिरो, जी झिरो वन, शेवटी एम थर्टी. टूल इथून तिथं न्या, काम झालं की थांबा, एवढाच निव्वळ मजकूर. नोटपॅडमध्ये उघडतो, शाळेतलं पोरगंसुद्धा वाचेल. त्यानं बिघडलंच तर माझं टूल तुटेल, आणि त्याची काळजी करायला ऑपरेटर आहे.

आणि गंमत बघा. 1999 साली मेलिसा नावाचा व्हायरस वर्डच्या फाईलमधून जगभर पसरला. वर्डची फाईल माझ्या ह्याच डब्यात आजही विनासायास येते. ‘तुमचं खातं बंद होणार आहे, इथं दाबा’ म्हणणाऱ्या मेल तर रोज सकाळी आल्याशिवाय राहत नाहीत. त्यांच्यावर पट्टी नाही, काही नाही. उद्या त्यातल्या एकीवर मी दाबलं आणि पैसे गेले, तर तेव्हा मी बेसावध ग्राहक. पैसे जाताना जबाबदारी माझी, आणि फाईल घेताना मला अक्कल नाही. हा हिशेब कुठल्या फॉक्सप्रोत लिहिलाय?

“नाव बदलून मागवा की,” मामा म्हणाले. “आमच्यात एकाचं कर्ज थकलं हुतं. त्येनं बायकोच्या नावानं अर्ज घातला. मंजूर.”

मी हसलो. मग भोसरीला फोन लावला. तिथल्या पोरानं डॉट पीआरजीच्या जागी डॉट टीएक्सटी लिहिलं आणि परत पाठवलं. चहा यायच्या आत फाईल उघडली. आतली अक्षरं तीच, आकार तोच. पट्टी नाही.

म्हणजे ह्या रखवालदाराला चेहरा बघायचाच नव्हता, नुसती आडनावं वाचायची होती. नाव बदलल्यानं काय होतं ते आम्हा बेळगावकरांना कुणी शिकवायला नको. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी कागदावर आमचं गाव बेळगावी आहे, खड्डे मात्र जुन्या नावाचेच आहेत. तो विषय असो, नाहीतर लेख भलतीकडं जाईल.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. 2000 सालच्या त्या प्रेमपत्राचं खरं नाव ‘लव्ह लेटर फॉर यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस’ असं होतं. खरं शेपूट बहुतेकांच्या पडद्यावर लपलेलं असायचं, म्हणून ते साधं टीएक्सटी वाटलं आणि लोक फसले. ती चलाखी रोखायला कुलूप आलं. आणि आता त्या कुलपातून वाट काढायला व्हॉल्व्ह बनवणाऱ्या माणसानं टीएक्सटीचंच सोंग घ्यायचं. चोराची युक्ती कायद्यानं आम्हाला शिकवली! खऱ्या चोराला ती आधीच येत होती.

मामांना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पिग्मीचे पन्नास घेतले, हातातल्या यंत्रावर पावती काढली आणि म्हणाले, “नाव बदलायचं मीच सांगितलो न्हवं? मग आज शंभर करा की.”

केले शंभर.

पहिला पीस उतरला तेव्हा दिवेलागण झाली होती. तेवढ्यात भोसरीच्या पर्चेस खात्याची मेल आली: डिलिव्हरी लांबल्याबद्दल खुलासा करावा. सोबत पीडीएफ. ती एका क्लिकवर उघडली. दंडाचं कलम तिसऱ्या पानावर आहे.