मूक सिनेमावरच्या त्या फॉरवर्डला एकदाचं उत्तर

"भारतीय मूक सिनेमाचं धक्कादायक सत्य" नावाचा एक लांबलचक फॉरवर्ड सध्या फिरतोय. सात मुद्दे, प्रत्येकापुढे लाल बाण, आणि खाली सही म्हणून "एक जागरूक नागरिक". म्हणणं थोडक्यात असं: आपले मूक चित्रपट सगळेच्या सगळे २००३ च्या पुण्याच्या आगीत जळाले, वाचले ते इंग्रजांनी पळवले, 'राजा हरिश्चंद्र' यूट्यूबवर पूर्ण आहे, तो मुळात चाळीसच मिनिटांचा होता, त्या काळचे कॅमेरे भिकार म्हणून माणसं तुरुतुरु पळतात, म्हणून असल्या सिनेमांच्या डीव्हीडी-ब्लूरे काढा म्हणणारे फक्त अनुदान खायला बसलेत, आणि शेवटी, घरात जुनी रिळं असतील तर ती बॉम्ब आहेत, ताबडतोब भंगारात द्या, वर चांदीचे पैसे मिळतील.

असले मेसेज मी वाचून सोडून देतो. पण हा नाशिकच्या आत्याने वाचला आणि मला फोन करून विचारलं की अरे, आतोबांचे ते डबे माळ्यावर आहेत, ते भंगारवाल्याला देऊन टाकू का, मला रात्री झोप लागत नाहीये. आतोबा गणपतीत गल्लीत पडदा लावून सोळा एमएमवर सिनेमे दाखवायचे, त्यातली रिळं. म्हणजे एका सत्तरीच्या बाईची झोप उडवली या जागरूक नागरिकाने. म्हणून शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरू करतो, कारण बाकीचे नुसते चुकीचे आहेत, हा नुकसान करणारा आहे.

नायट्रेट फिल्म, म्हणजे नायट्रेट नावाच्या जुन्या प्लॅस्टिकवरची फिल्म, पेटते हे खरं. वाईट पेटते, कारण जळताना स्वतःचा ऑक्सिजन स्वतःच तयार करते, पाणी मारून विझत नाही. पण नायट्रेट म्हणजे थिएटरची पस्तीस एमएम, आणि तीही साधारण १९५० पर्यंतची, त्यानंतर कोडॅकने ती बनवणंच बंद केलं. घरात, शाळेत, गणपती मंडळात जी चालायची ती सोळा एमएम आणि आठ एमएम फिल्म, ती पहिल्यापासून दुसऱ्या प्लॅस्टिकवर, म्हणजे अ‍ॅसिटेटवरच यायची, तिला सेफ्टी फिल्म म्हणतात ते याचसाठी! घरच्या माणसांनी प्रोजेक्टर लावायचा म्हणूनच ती तशी बनवली होती. अ‍ॅसिटेट बॉम्बसारखं फुटत नाही, फार तर कुजतं. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्म सडायला लागलीय असं समजायचं, आणि मग थंड कोरड्या जागी ठेवायची, उन्हाने तापणाऱ्या माळ्यावर नाही. प्रोजेक्टरवर चढवून "चालतंय का बघू" असलं करायचं नाही. आणि खरंच पस्तीस एमएमचं चिकट झालेलं, पिवळंतपकिरी पडलेलं रीळ निघालं तर त्याला हात न लावता पुण्याला लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हला कळवायचं. भंगारवाला हा दोन्हीतल्या कशावरही उपाय नाही.

आता चांदी. ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये चांदी असते, बरोबर. रंगीत प्रिंटमध्ये धुलाईनंतर ती जवळजवळ उरतच नाही, म्हणजे आतोबांच्या रंगीत रिळांतून भंगारवाल्याला चांदी म्हणून फारसं काही मिळणार नाही. पण माझा राग वेगळाच आहे. याच चांदीने आपला सिनेमा खाल्लाय. 'आलम आरा', १९३१, आपला पहिला बोलपट, आज कुठेही नाही. पी. के. नायर, ज्यांनी पुण्याचं अर्काइव्ह अक्षरशः एकेक डबा गोळा करून उभं केलं, त्यांनी सांगून ठेवलंय की 'आलम आरा'चे दिग्दर्शक अर्देशीर इराणींना भेटायला गेले तेव्हा ते म्हणाले काही रिळं पडली असतील कुठेतरी, आणि नंतर त्यांच्या मुलानेच कबूल केलं की त्यातली चांदी काढून ती रिळं निकालात काढली. देशाचा पहिला बोलपट आणि त्याची ही गत. आणि हा माणूस २०२० नंतरच्या काळात तोच सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर वाटतोय.

सोळा एमएममध्ये काय सापडणार म्हणाल तर, जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांगच्या 'मेट्रोपोलिस' या मूकपटाचा ऐंशी वर्षं हरवलेला भाग २००८ मध्ये ब्युनोस आयर्सच्या एका फिल्म म्युझियममध्ये सापडला, तो सोळा एमएमवरच होता. ओरखड्यांनी भरलेला, पण तोच जोडून नवी आवृत्ती केली आणि ती ब्लूरेवरही आली. आतोबांच्या डब्यात मेट्रोपोलिस नाहीये हे मलाही कळतं हो. पण डब्यात काय आहे हे बघायच्या आधी टाकून देऊ नका एवढंच म्हणणं आहे.

आता आग. जानेवारी २००३ मध्ये जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या नायट्रेटच्या गोदामाला आग लागली, खूप रिळं गेली, हे खरं आहे आणि लाजिरवाणं आहे, इथे मेसेजवाल्याला अर्धा मार्क देतो. पण "सगळं तेव्हा जळालं" हे साफ खोटं, कारण जळायला सगळं उरलंच कुठे होतं! याबाबतीत माझा सगळा भार एकाच पुस्तकावर आहे, १९९४ मध्ये इटलीतल्या पोर्देनोनेच्या मूकपट महोत्सवासाठी सुरेश छाब्रियांनी संपादित केलेलं 'लाइट ऑफ एशिया', त्यात वीरचंद धरमसींनी केलेली भारतीय मूकपटांची यादी आहे. तेराशेच्या आसपास चित्रपट. त्यातले पूर्ण किंवा पूर्णच्या जवळपास म्हणावेत असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि हे पुस्तक आगीच्या नऊ वर्षं आधीचं आहे! म्हणजे नासधूस त्याच्या कितीतरी आधी होऊन गेली होती, बोलपट आल्यावर मूकपटाला किंमत उरली नाही तेव्हाच. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा मूक 'सावकारी पाश', ज्यात तरुण शांताराम होते, तो असाच गेला, आज दिसतो तो १९३६ चा बोलपट.

आणि उलट बाजूने बघा, फाळक्यांचा 'कालिया मर्दन' (१९१९) आगीनंतरही आहे, आज बघता येतो, पाऊण तासाच्या आसपास. सुरुवातीलाच फाळके आपल्या मुलीला, मंदाकिनीला, साध्या वेषात कॅमेऱ्यासमोर उभं करतात, ती राग, हसू, भीती असे एकेक भाव करून दाखवते आणि मग तीच कृष्ण होते. सात-आठ वर्षांची पोर! मी तो भाग कितीदाही बघू शकतो. हे सगळं जळालं म्हणून सांगणाऱ्याने हा सिनेमा बघितलेला नाही, हे उघड आहे.

यूट्यूबवर 'राजा हरिश्चंद्र' पूर्ण आहे म्हणे. चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं अशी दोनच उरली आहेत, वेग कोणता धरता त्यावर पंधरा ते पंचवीस मिनिटं. शिवाय ही दोन १९१३ ची की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीची यावरही अभ्यासकांत वाद आहे.

चाळीस मिनिटांचं मात्र नीट समजून घ्या, कारण होम व्हिडिओचा मुद्दा इथेच येतो. चित्रपट ३,७०० फुटांचा होता. पस्तीस एमएमच्या एका फुटात १६ फ्रेम असतात. आजच्या वेगाने, सेकंदाला २४ फ्रेमने, चालवला तर होतात एकेचाळीस मिनिटं. पण तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, साधारण सेकंदाला सोळा ते अठरा फ्रेम. सोळाने धरा, म्हणजे सेकंदाला बरोब्बर एक फूट, ३,७०० सेकंद, तासाभराहून जास्त. मग माणसं पळतात का? कॅमेरा भिकार म्हणून नाही, तुम्ही चुकीच्या वेगाने चालवताय म्हणून! योग्य वेगाला तारामती झालेले अण्णा साळुंके माणसासारखे चालतात. आणि यूट्यूबवरच्या बहुतेक कॉप्यांत कोणीतरी कसल्यातरी कॅसेटवरून उतरवलेलं, वेग चुकलेला, फ्रेम वरून कापलेली, आणि मागे कोणतं तरी फुकटचं पियानो वाजतंय. असं बघून "मूक सिनेमा बोअर असतो" म्हणणाऱ्यांना मी दोष देत नाही, मीही तसंच म्हटलं असतं. नीट आवृत्ती म्हणजे चांगल्यात चांगल्या प्रिंटवरून स्कॅन, वेग बरोबर, मधे येणाऱ्या संवादाच्या पाट्या वाचता येतील अशा, आणि संगीत. तेव्हाही थिएटरात शांतता नसायचीच, पेटी-तबला असायचा.

इंग्रजांनी पळवले हा मुद्दा 'शिराझ' (१९२८) बद्दल आहे असं दिसतं. तो निर्माते हिमांशु राय यांनी इंग्रज आणि जर्मन कंपन्यांबरोबर मिळून केलेला, दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन जर्मन. पळवायचा प्रश्न येतो कुठे, ते भागीदारच होते. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने तो रिस्टोअर केला, २०१७ मध्ये अनुष्का शंकरच्या संगीतासह लंडनमध्ये दाखवला आणि पुढच्या वर्षी डिस्कवर काढला. उलट परदेशातून परत आलेलंही आहे, कलकत्त्याच्या मदन कंपनीच्या 'बिल्वमंगल'चा (१९१९) तुकडा २०१६ मध्ये पॅरिसच्या सिनेमाथेक या फिल्म संग्रहालयाकडून पुण्याला आला, आपण बदल्यात 'जमाई बाबू' या बंगाली मूकपटाची कॉपी दिली. एक मात्र नाइलाजाने कबूल करतो: जयपूरला शूट झालेला, सगळे भारतीय कलाकार असलेला सिनेमा इंग्लंडहून मागवायचा, पौंडात पैसे मोजायचे, आणि ब्लूरेचा त्यांचा रीजन (डिस्क कोणत्या देशांतल्या प्लेयरवर लागेल ते ठरवणारा विभाग) बी आणि आपला सी, म्हणून घरच्या प्लेयरवर लागेल की नाही याची धाकधूक. हे टोचतं. पण म्हणून ते चोर कसे, ही डिस्क आपण का नाही काढली हे विचारा की.

हक्कांची अडचण म्हणाल तर तीही नाही. आपल्या कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट साठ वर्षं, हे चित्रपट केव्हाच मोकळे झालेत. गंमत म्हणजे कॉपीराइटमुळेच एक वाचलाय. 'मार्तंड वर्मा' (१९३३), मल्याळम कादंबरीवरचा, प्रकाशकाने खटला केला, चित्रपट उतरवला, प्रिंट जप्त होऊन पडून राहिली आणि १९७४ मध्ये अर्काइव्हच्या हाती लागली. चालला असता तर झिजून संपला असता.

आणि कोण बघणार, कोण विकत घेणार? मी घेईन. 'दिलेर जिगर' (१९३१), आपल्या पुण्याच्याच अगरवाल फिल्म कंपनीचा, तलवारबाजीचा पट, नायिका ललिता पवार. हो, त्याच, आपल्याला ज्या मंथरा आणि खाष्ट सासू म्हणून माहीत आहेत त्या, वय जेमतेम पंधरा. त्याच कंपनीचा 'गुलामीनुं पतन', पेंटरांचा 'मुरलीवाला', 'कालिया मर्दन', आणि फाळक्यांचे उरलेले सगळे तुकडे, 'लंका दहन', 'श्रीकृष्ण जन्म', चित्रपट कसा तयार करतात ते दाखवणारी त्यांची छोटी फिल्म, असा एक संच नीट वेगात, मराठी सबटायटल देऊन, सोबत एक जाडसर पुस्तिका घालून काढावा, किंमत पंधराशे ठेवा नाहीतर दोन हजार. आत्या म्हणाली तिलाही एक हवा, पण प्लेयर तू आणून जोडून दे.

उरलेला मुद्दा अनुदान खाण्याचा. जागरूक नागरिकाने कोणी, किती, कधी खाल्लं ते लिहिलेलं नाही, त्यामुळे उत्तर द्यायला त्यात काही नाही.