‘बाबासाहेब आधी शिकले, मग बोलले’ हे खरं नाही

दर एप्रिलमध्ये एक मेसेज फिरतो. यंदा तो मला तीन ग्रुपवर आला: सोसायटीच्या, शाळेतल्या मैत्रिणींच्या आणि घरच्या. पाठवणारी माणसं वाईट नाहीत. घरच्या ग्रुपवर तर तो माझ्या मावसभावानेच टाकला. मजकूर थोडक्यात असा: बाबासाहेबांनी आधी मन लावून शिक्षण पूर्ण केलं, पदव्या मिळवल्या आणि मगच ते समाजासाठी लढले. आजची मुलं मात्र करदात्यांच्या पैशावर वसतिगृहात राहतात आणि मोर्चे काढतात. आरक्षण तर दहाच वर्षांसाठी होतं. शहरात आता जात राहिलेली नाही, प्राध्यापक मंडळी ती उकरून काढतात. आणि समाजाच्या पुढाऱ्यांचं दुकानच त्यावर चालतं. खाली जोडलेले हात आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला पटलं नाही. त्यातलं पहिलं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, कारण ते खुद्द बाबासाहेबांचं नाव घेऊन मुलांना गप्प बसायला सांगतं. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

बाबासाहेब १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. ९ मे १९१६ रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. वय २५, अजून विद्यार्थीच. त्या निबंधात त्यांनी मांडलं की जातीतच लग्न करण्याचं बंधन हा जातीचा गाभा आहे, आणि सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ही ते बंधन टिकवण्याची साधनं आहेत. आज जातिनिर्मूलनाबद्दल बोलताना आपण आंतरजातीय लग्नापाशी येतो, ती वाट एका विद्यार्थ्याने वर्गात उभं राहून दाखवली होती. तो त्याच्या अभ्यासाचाच भाग होता. अभ्यास बाजूला ठेवून केलेलं काही नव्हतं.

पुढचा क्रमही नीट बघा. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून ते परतले. बडोद्यात नोकरी होती पण राहायला जागा मिळेना. पारशी असल्याचं भासवून धर्मशाळेत राहिले, तिथूनही त्यांना हाकलून दिलं गेलं. एवढी मोठी पदवी घेतलेल्या माणसाची ही गत! मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले. २७ जानेवारी १९१९ रोजी मताधिकाराचा विचार करणाऱ्या ब्रिटिश सरकारच्या साउथबरो कमिटीपुढे साक्ष दिली आणि अस्पृश्यांसाठी मताधिकार आणि स्वतःचे प्रतिनिधी मागितले. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ हे वृत्तपत्र सुरू केलं. २१ आणि २२ मार्च १९२० ला माणगावला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेचं अध्यक्षपद भूषवलं, शाहू महाराज तिथे हजर होते.

आणि त्यानंतर, १९२० च्या जुलैत, ते उरलेलं शिक्षण पूर्ण करायला पुन्हा लंडनला गेले. १९२१ ते १९२३ या काळात एम.एस्सी., बॅरिस्टरी, डी.एस्सी. झालं. साक्ष, वृत्तपत्र, परिषद, तिन्ही गोष्टी या पदव्यांच्या आधीच्या. माणगावात लोकांनी ज्याला आपला पुढारी मानलं तो माणूस चार महिन्यांनी बोटीत बसून परीक्षा द्यायला निघाला. त्या प्रवासासाठी शाहू महाराजांनी आणि बाबासाहेबांचे मित्र नवल भथेना यांनी पैशाची मदत केली. विद्यार्थी, विद्वान आणि पुढारी हे तीन वेगळे डबे नव्हतेच. ती एकाच माणसाची चार-पाच वर्षं होती.

पुढे त्यांनी स्वतः मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा तिथे विद्यार्थ्यांची संसद भरायची आणि बाबासाहेब तिच्यासमोर बोललेले आहेत. गप्प बसलेले विद्यार्थी त्यांना हवे असते तर त्यांच्याच कॉलेजात अशी संसद भरली नसती.

आता ‘विद्यार्थ्यांनी फक्त अभ्यास करावा’ याकडे येते. १८५५ साली पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या एका मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तिचं नाव मुक्ता साळवे, वय १४. तो ‘ज्ञानोदय’मध्ये १५ फेब्रुवारी आणि १ मार्च अशा दोन अंकांत छापून आला. तिचा प्रश्न असा की वेदांवर आमचा अधिकार नाही असं तुम्हीच म्हणता, तर मग आम्ही धर्माशिवायचेच ठरलो, देवा, आमचा धर्म कोणता ते तरी सांग. बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या बायांचे हाल तिने लिहिले. तालमीपुढून जाणाऱ्या मांग-महाराचं डोकं उडवून त्याचा चेंडू करत, हेही लिहिलं. आधी पदवी घे मग बोल, असं तिला सांगायचं म्हटलं तरी पदवी देणारं मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ मध्ये, निबंधानंतर दोन वर्षांनी. आणि ती थांबली असती तर त्या बायांबद्दल त्या काळी दुसऱ्या कुणी लिहिलं असतं, असं मला वाटत नाही.

माझा एक अनुभव सांगते. मी जिल्ह्याच्या ठिकाणी मुलींच्या वसतिगृहात राहून शिकले. दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्ती आठ महिने आली नाही, मेसवाल्याने उधारी बंद केली आणि फी थकली म्हणून कॉलेजने परीक्षेचे फॉर्म अडवले. आम्ही अकरा जणींनी मिळून अर्ज लिहिला, कार्यालयासमोर दोन दिवस बसलो. तिसऱ्या दिवशी फॉर्म भरून घेतले गेले. आमच्यातली एक आज तालुक्याला शिक्षिका आहे. त्या दोन दिवसांत आमचा अभ्यास बुडाला हे खरं, पण त्या दोन दिवसांशिवाय पुढची दोन वर्षं आम्ही कॉलेजात टिकलो नसतो. अलीकडे बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपसाठी मुलं रस्त्यावर आली, तीही संशोधन चालू ठेवता यावं म्हणूनच. त्यात दलित होते, मराठा होते, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांची मुलं होती.

चळवळीत मुलांची वर्षं वाया जातात, हा आक्षेप मात्र मी झटकून टाकणार नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या काळात मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली, कितीतरी मुलांचं शिक्षण सुटलं. याची किंमत मी कमी लेखत नाही. पण साडेपंधरा वर्षं लावली कुणी? ठराव झालेला होता. तो अंमलात येऊ न देणाऱ्यांचा हिशेब त्या मुलांच्या नावावर टाकता येणार नाही.

करदात्यांच्या पैशाबद्दल जोतिराव फुल्यांनी १८८२ मध्येच शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात लिहून ठेवलं आहे. सरकारी महसुलाचा मोठा वाटा शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हा त्यांचा मुद्दा होता, आणि म्हणून प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा ही मागणी होती. आज साबणाची वडी घेतली तरी कर भरावा लागतो. दुसऱ्याच्या रानात खुरपणी करणारी माझी आई करदाती आहे. तिच्या पैशावर मी शिकले, आणि मी बोलावं असं तिला वाटतं.

दहा वर्षांचं म्हणाल तर ती मुदत संविधानाच्या अनुच्छेद ३३४ मधली, लोकसभा आणि विधानसभांतल्या राखीव जागांची. ती वेळोवेळी वाढत आता २०३० पर्यंत आहे. शिक्षणातल्या आणि नोकरीतल्या आरक्षणाला, म्हणजे अनुच्छेद १५(४) आणि १६(४) ला, मुदत कधीच नव्हती. राजकीय जागांबद्दलही ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितलं होतं की अनुसूचित जातींसाठी यापेक्षा मोठी मुदत मागायची आपली तयारी होती. शिवाय राखीव जागा १९५० साली आभाळातून पडल्या नाहीत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या आदेशाने निम्म्या जागा राखल्या होत्या.

मग येतं ते ‘शहरात जात कुठे राहिलीय’ आणि ‘प्राध्यापक ती उकरून काढतात’. सुखदेव थोरात अमरावती जिल्ह्यातले, बाबासाहेबांनी औरंगाबादला काढलेल्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. त्यांनी पॉल अ‍ॅटवेल यांच्यासोबत एक साधी चाचणी घेतली. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. पात्रता सारखीच, फक्त नावं वेगळी: काही सवर्ण हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याचं प्रमाण साधारण दोन तृतीयांश होतं आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश. हे अर्ज गावच्या पाटलाकडे गेले नव्हते. शिकलेली माणसं शहरातल्या ऑफिसात बसून ते चाळत होती. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात देशातल्या सुमारे २७ टक्के कुटुंबांनी आपल्या घरात कोणत्या ना कोणत्या रूपात अस्पृश्यता पाळली जाते हे स्वतःच मान्य केलं, आणि शहरांत हा आकडा २० टक्क्यांच्या आसपास होता. जी घरं मान्य करत नाहीत ती यात नाहीतच.

प्राध्यापकाने हे मोजलं म्हणून ते निर्माण झालं, असं कसं म्हणता येईल? ताप थर्मामीटरने येत नाही. उलट मोजलं नाही तेव्हा काय होतं ते आपण पाहिलं आहे. हैदराबाद विद्यापीठातला संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला याचा मृत्यू १७ जानेवारी २०१६ रोजी झाला. त्याआधी त्याला आणि त्याच्या चार सहकाऱ्यांना वसतिगृहातून काढलं होतं. मुंबईत पायल तडवी या आदिवासी डॉक्टर मुलीचा मृत्यू मे २०१९ मध्ये झाला. त्याच वर्षी या दोघांच्या आया सर्वोच्च न्यायालयात गेल्या. उच्च शिक्षण संस्थांत भेदभाव रोखण्याचे नियम तेव्हा २०१२ पासून कागदावर होते, ते पाळले जावेत एवढंच त्यांना हवं होतं. त्या दोघींचं कुठलं दुकान होतं?

दुकानाचा मुद्दा अगदीच खोटा नाही. जातीच्या नावाने मतं गोळा करून मुलांच्या शिष्यवृत्तीबद्दल पाच वर्षं तोंड न उघडणारे पुढारी मी पाहिले आहेत. जातपंचायतीही ‘समाजाचे पुढारी’च चालवत आले, दंड घेत आले, माणसं वाळीत टाकत आले. पण त्यांच्याविरुद्ध उभं कोण राहिलं तेही सांगायला हवं. वाळीत पडलेल्या कुटुंबांनी त्याच समाजात राहून नाव देऊन तक्रारी केल्या, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा झाला, २०१६ चा. त्याआधी सत्तरच्या दशकात बाबा आढाव ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत गावोगाव फिरले होते. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होत आली तरी गावात दोन विहिरी होत्या. फिरणाऱ्याने ती दुसरी विहीर खोदली नव्हती, त्याने ती सगळ्यांना दाखवली. हमाल पंचायत बांधणारा हा माणूस ज्या हमालांसाठी आयुष्यभर लढला त्यांच्यात सगळ्या जातींचे लोक होते.

मी तिन्ही ग्रुपवर फक्त चार तारखा टाकल्या आहेत: ९ मे १९१६, २७ जानेवारी १९१९, ३१ जानेवारी १९२०, २१ मार्च १९२०. आणि पाचवी ओळ, की डी.एस्सी. झालं १९२३ मध्ये. मावसभावाला रात्री फोन केला. बाकीच्या मुद्द्यांवर आपण दिवाळीत भेटू तेव्हा बोलू, पण ते पहिलं वाक्य तेवढं पुढे पाठवू नकोस, असं सांगितलं. त्याची मुलगी बारावीला आहे. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “ताई, माणगावचं मला माहीत नव्हतं गं.”